अँड्र्यू गेल्यानंतरचं काळं पाणी: अचाफलायाच्या दलदलीतलं एक प्रकरण

१९९२ च्या ऑगस्टमध्ये एकाच वादळाने अमेरिकेचा किनारा दोनदा गाठला. २४ तारखेला पहाटे 'अँड्र्यू' फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला होमस्टेड गावाजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी २६५ किलोमीटरच्या आसपास होता. तेव्हा त्याची नोंद चौथ्या श्रेणीत झाली होती. दहा वर्षांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं ठरलं. चारेक तासांत फ्लोरिडा ओलांडून ते मेक्सिकोच्या आखातात उतरलं आणि २६ तारखेला पहाटे लुइझियाना राज्यात मॉर्गन सिटी या गावाच्या पश्चिमेला पुन्हा जमिनीवर चढलं. इथे ते तिसऱ्या श्रेणीचं होतं, वेग ताशी १८५ किलोमीटरच्या घरात.

दोन्ही ठिकाणी त्याच्या वाटेत गोड्या पाण्याची अफाट दलदल होती. फ्लोरिडात एव्हरग्लेड्स, लुइझियानात अचाफलाया नदीचं खोरं. जोर जास्त होता तिथे, म्हणजे एव्हरग्लेड्सच्या गोड्या पाण्याच्या गवताळ भागात, माशांचं मोठं नुकसान दिसलं नाही. जोर कमी होता त्या अचाफलायात सुमारे १८ कोटी गोड्या पाण्यातले मासे मेले, असा अंदाज नोंदवला गेला. त्यांची किंमत लावली गेली ती १६ कोटी डॉलर. शेजारच्या समुद्रात मेलेल्या माशांचा अंदाज होता ९४ लाखांचा.

हा उलटा हिशोब समजून घ्यायचा तर वाऱ्याचा वेग बाजूला ठेवून पाण्याकडे पाहावं लागतं.

खोरं कसलं आहे

'अचाफलाया' हे नाव चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांच्या भाषेतलं. अर्थ 'लांब नदी'. लांबी खरं तर २२० किलोमीटरच. पण ही स्वतःच्या उगमावर जगणारी नदी नव्हे. मिसिसिपीचं काही पाणी आणि रेड नदीचं पाणी घेऊन ती समुद्राकडे निघते, आणि मिसिसिपीच्या स्वतःच्या वाटेपेक्षा ही वाट समुद्राला बरीच जवळची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट दिसू लागलं होतं की मिसिसिपी आपली जुनी वाट सोडून इकडेच वळणार. तसं झालं असतं तर बॅटन रूज आणि न्यू ऑर्लीन्स ही बंदरं उरलेल्या पाण्यावर बसली असती. म्हणून १९६३ मध्ये ओल्ड रिव्हर इथे दरवाजांचं बांधकाम उभं राहिलं आणि वाटणी ठरली: दोन्ही नद्यांच्या एकूण पाण्यापैकी ३० टक्के अचाफलायाला, ७० टक्के मिसिसिपीला. दोन भावांत शेताचा बांध घालून द्यावा तशी ही वाटणी आजही चालू आहे.

त्याआधी, १९२७ च्या महापुरानंतर, खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच तटबंध घातले गेले. मधला वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा पट्टा पुराचं पाणी सोडायची वाट म्हणून राखला गेला. अमेरिकेतली सगळ्यात मोठी नदीकाठची दलदल ती हीच. बाल्ड सायप्रस आणि ट्युपेलो ही इथली झाडं वर्षातले कित्येक महिने बुंध्यापर्यंत पाण्यात उभी असतात. सायप्रसच्या मुळांतून गुडघ्यांसारखे खुंट पाण्याबाहेर आलेले दिसतात, त्यांना तिकडेही गुडघेच म्हणतात. दलदलीवरून जाणारा महामार्ग जवळजवळ २९ किलोमीटर खांबांवरून जातो. गाडीतून खाली बघणाऱ्याला वाटावं, इथे माणसाचा हात लागलेलाच नाही.

लागलेला आहे, आणि चांगलाच. जुने सायप्रस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढची काही दशकं सपाटून तोडले गेले. आज दिसतं ते बहुतेक दुसऱ्या पिढीचं जंगल. त्यानंतर तेल आणि वायूच्या कंपन्या आल्या. विहिरीपर्यंत तराफा न्यायचा तर कालवा हवा, नळ टाकायचा तर कालवा हवा. कालव्यातून उपसलेली माती काठावरच टाकली गेली, आणि सरळ रेषेत मैलोनमैल बुटके बांध तयार झाले. पूर्वी नदी चढली की पाणी पातळ चादरीसारखं जंगलभर पसरायचं आणि नदी उतरली की तसंच परतायचं. बांधांनी त्या चादरीचे तुकडे केले. काही तुकड्यांत पाणी शिरायला वाट आहे, निघायला नाही. काहींत दोन्ही नाही.

अशा कोंडलेल्या जागी वादळ नसतानाही दर वर्षी वसंतात आणि उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू संपतो. इथले कोळी अशा पाण्याला 'काळं पाणी' म्हणतात. (मराठी कानाला या शब्दात अंदमानची बेडी ऐकू येते. त्या पाण्यात अडकलेल्या माशाच्या दृष्टीने अर्थ फारसा वेगळा नाही.) कुजलेल्या पानांचा रस उतरून चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं दिसणारं हे पाणी गढूळ नसतं. उलट स्थिर आणि स्वच्छच वाटतं. फक्त त्यात श्वास नसतो.

आता वेळ पाहा. नदीला मोठं पाणी येतं ते वसंतात, उत्तरेकडचं बर्फ वितळून. ऑगस्ट संपता संपता ती उतरलेली असते. दलदलीतली तळी, डबकी आणि जुने प्रवाह एकमेकांपासून आणि नदीपासून तुटत आलेले असतात. पाणी वर्षातलं सगळ्यात गरम असतं. झाडांवर मात्र पूर्ण पानोरा असतो. अँड्र्यूने गाठलं ते या अवस्थेत.

त्या रात्री, आणि नंतरच्या दिवसांत

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचं फिरणं घड्याळाच्या उलट. उत्तरेकडे निघालेल्या वादळाच्या उजव्या अंगाला वारा आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते, आणि तोच वारा समुद्र जमिनीवर ढकलतो. अँड्र्यू मॉर्गन सिटीच्या पश्चिमेकडून आत शिरलं. म्हणजे खोऱ्याचा खालचा भाग नेमका उजव्या अंगाला आला. साधारण दहा तासांत वादळाचा जोर उतरून त्याची गणना साध्या वादळात होऊ लागली. तेवढ्या वेळात तीन गोष्टी झाल्या.

पहिली, पानं. झाडंच्या झाडं एका रात्रीत निष्पर्ण झाली. दलदलीला पानगळ काही नवी नाही. सायप्रस हा सूचिपर्णी असूनही दर शरदात आपली पानं टाकतो, आणि तो सगळा पाचोळा पाण्यातच पडतो. पण ती पानं वाळलेली असतात. झाडाने त्यांतलं कामाचं बरंचसं आधीच खोडात ओढून घेतलेलं असतं. पडतात तीही महिना-दीड महिन्यांत, थंड होत चाललेल्या पाण्यात. वादळाने टाकलेली पानं हिरवी होती, रसाने भरलेली, आणि पडली ती सगळी एकदम कोमट पाण्यात. जिवाणूंना याहून मोठी मेजवानी नसते. ती पचवायला ते पाण्यातलाच प्राणवायू वापरतात.

दुसरी, तळाचा गाळ. वर्षानुवर्षं साठलेल्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतोच. तिथे वेगळ्या जातीचे जिवाणू राहतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, म्हणजे सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. एरवी हे सगळं तळाशी झाकलेलं असतं. वाऱ्याने उथळ पाणी ढवळलं आणि ते झाकण उडालं. चिखलातल्या रसायनांनी वरच्या पाण्यातला उरलासुरला प्राणवायू झटक्यात ओढून घेतला, आणि सल्फाइड स्वतःही माशाच्या कल्ल्यांना विषारीच.

तिसरी, उलटा प्रवाह. समुद्राच्या उधाणाने नदीचं तोंड दाबलं, पाणी मागे सरकलं आणि दलदलीत चढलं. उधाण उतरल्यावर तेच पाणी आतल्या कोंडलेल्या डबक्यांतलं काळं पाणी, पाचोळा आणि चिखल घेऊन खाली आलं आणि ज्या प्रवाहांत तोवर मासे बरे होते तिथेही पसरलं.

प्राणवायूचं गणित मुळातच कडक आहे. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे ऑगस्टच्या दलदलीची थैली आधीच लहान. शिवाय गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. पाण्यातला प्राणवायू २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे संकटात येतात. त्यात पाणी गढूळ, म्हणून आतल्या शेवाळाला ऊन नाही, म्हणून दिवसा होणारी भरपाईही बंद.

आपल्याकडे शेततळ्यात मासे पाळणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की पहाटे मासे पृष्ठभागाला येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. 'मासे वर आले' असा निरोप येतो आणि तो माणूस धावत जाऊन मोटार चालू करतो, पाणी उंचावरून तळ्यात पाडतो. अचाफलायात तसंच झालं. फक्त तळं हजारो चौरस किलोमीटरचं होतं आणि मोटार नव्हती.

म्हणून, वादळाने मासे मारले हे वाक्य बरोबर असूनही दिशाभूल करणारं आहे. वाऱ्याने मासा मेला नाही. वारा थांबला, आभाळ निवळलं, लोक घरांवरची छपरं शोधायला बाहेर पडले, आणि तेव्हा खाली पाण्यात मरण सुरू झालं.

कोण मेलं, कोण तरलं

लुइझियानाच्या या भागात केजन लोकांची वस्ती मोठी. अठराव्या शतकात कॅनडाच्या अकाडिया भागातून ब्रिटिशांनी हाकललेल्या फ्रेंच भाषकांचे हे वंशज. माशांची नावंही त्यांच्या फ्रेंचमधली. क्रॅपी या चवदार माशाला ते 'साकाले' म्हणतात, फ्रेंचमध्ये शब्दशः 'दुधाची पिशवी'. ड्रम जातीचा मासा त्यांचा 'गास्परगू'. बोफिन हा 'शूपिक'. ही नावं इथे सांगायचं कारण असं की मेलेल्यांची आणि वाचलेल्यांची यादी जवळजवळ या नावांनीच करता येते.

साकाले, लार्जमाउथ बास, सनफिश हे कल्ल्यांनी पाण्यातलाच प्राणवायू घेणारे. पाणी गुदमरलं की ते गुदमरतात. गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी मंडळींचा जीव नेमका याच माशांत अडकलेला, म्हणून आरडाओरडा त्यांच्याबद्दल झाला. शॅडसारखे थव्याने राहणारे छोटे मासे तर प्राणवायू घसरला की आधी जाणाऱ्यांतले. त्यांच्यासाठी गळ कोणी टाकत नाही, पण मोठ्या माशांचं पोट त्यांच्यावर चालतं.

शूपिक आणि गार नावाचा मासा हे मात्र जुन्या घराण्यातले. त्यांचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुप्फुसासारखा काम करतो. पाण्यात श्वास उरला नाही की ते वर येऊन हवेचा घोट घेतात आणि खाली जातात. काळ्या पाण्यातही ते तग धरतात. खायला कमी प्रतीचे म्हणून ज्यांना हौशी मासेमार गळातून काढून फेकतात, तेच टिकणार. मराठी वाचकाने मरळ, मागूर आणि शिंगी आठवावेत. आपल्या तळ्यांच्या चिखलात, इतर मासे संपल्यावर उरतात ते हेच, आणि त्याच कारणाने: हवा घेता येते. दोन खंडांतल्या, एकमेकांशी दूरचंच नातं असलेल्या माशांनी एकाच अडचणीवर एकच तोडगा काढलेला आहे. (आपल्याकडे मात्र मरळीला भाव आहे. शूपिकचं नशीब तेवढं नाही.)

गप्पी माशासारखा दिसणारा गॅम्बुसिया वेगळी युक्ती करतो. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. पृष्ठभागाचा अगदी वरचा पापुद्रा हवेला चिकटलेला, म्हणून तिथे थोडा प्राणवायू नेहमी असतो. तो तेवढाच ओढून घेतो. कासवं आणि अ‍ॅलिगेटर हवेतच श्वास घेणारे, त्यांना या संकटाची थेट झळ नाही.

आणि क्रॉफिश. खोऱ्याची अर्थव्यवस्था ज्या एका जिवावर उभी आहे तो हा, कोळंबीची शेपटी आणि खेकड्याच्या नांग्या असलेला लालसर प्राणी. अचाफलायाचा कोळी साकालेपेक्षा याच्यावर जास्त पोट भरतो. पकडायचा हंगाम हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. नदी उतरू लागली की क्रॉफिश चिखलात बीळ करून खाली जातात. माद्या अंडी घेऊन बिळातच राहतात आणि पाणी परतलं की पिल्लांसह बाहेर येतात. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी बरेचसे क्रॉफिश जमिनीखाली होते. प्राणवायू कमी झालाच तर हा प्राणी दांड्यावर, खोडावर चढून कल्ले ओले ठेवत हवेत श्वास घेऊ शकतो. कोळी हे चांगलं ओळखून आहेत: काळ्या पाण्याची शंका असली की ते पिंजरा असा लावतात की त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील, नाहीतर सकाळी पिंजऱ्यात मेलेला माल निघतो.

ज्यांना हलताच येत नाही त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तळाचे शिंपले कवच मिटून काही काळ काढतात. त्याहून जास्त नाही. अळीच्या रूपात पाण्यात राहणारे कीटक, ज्यांच्यावर लहान मासे वाढतात, त्यांचीही हीच गत. मेलेला शिंपला पोट वर करून तरंगत नाही, म्हणून तो कोणाच्या अंदाजात येत नाही.

१८ कोटींबद्दल

हा आकडा कोणी एक एक मासा मोजून काढलेला नाही, काढणं शक्यही नाही. अशा वेळी काही ठरावीक लांबीच्या काठावर, काही ठरावीक क्षेत्रात मेलेले मासे मोजतात, जातवार नोंद करतात आणि बाकीच्या पाण्याला त्याने गुणतात. पण बुडालेले मासे दिसत नाहीत. पक्ष्यांनी, रॅकूनांनी आणि गार माशांनी खाल्लेले दिसत नाहीत. उष्ण पाण्यात लहान मासा दोन दिवसांत ओळखण्यापलीकडे जातो. किमतीचं तर आणखीच वेगळं: दर जातीच्या, दर आकाराच्या माशाला पर्यायी मासा पाळून सोडायला काय खर्च येईल, यावरून असे दर बांधतात. १६ कोटी डॉलर हे कोण्या कोळ्याच्या खिशातून गेलेले पैसे नव्हेत.

म्हणून हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. संहार प्रचंड होता, त्यात शंका नाही. माझी तक्रार एवढीच की बातमीत आकडा आला की प्रश्न तिथेच थांबतो. मेलेल्यांची संख्या सांगते की नुकसान किती झालं. मासे कुठे वाचले हे पाहिलं तर ते का झालं ते कळतं. मुख्य नदीत पाणी वाहतं, वळतं, हवेत मिसळतं. तिथे प्राणवायू लवकर सावरतो. ज्या तळ्याला नदीशी उघडी वाट होती, तिथल्या माशाला निसटायची संधी होती. ज्याच्या वाटेत मातीचा बांध होता, त्याला नव्हती.

एव्हरग्लेड्स का वाचलं

एव्हरग्लेड्स हा गवताचा प्रदेश आहे. उथळ, उघडा, उन्हात पसरलेला, आणि पाणी हळू का होईना, सरकत असतं. डोक्यावर जंगलाचं छत नाही, म्हणजे एका रात्रीत पाण्यात पडायला तेवढी पानं नाहीत. अँड्र्यू तिथून झपाट्याने गेलं आणि पाऊसही वादळाच्या मानाने बेताचा पडला. गोड्या पाण्याच्या भागात रासायनिक बदल दिसले, पण थोडेच आणि थोड्या काळापुरते. किनाऱ्याकडची खारफुटी मात्र पार आडवी झाली. ज्या हरणांच्या, अस्वलांच्या आणि फ्लोरिडा पँथरच्या गळ्यात संशोधकांनी आधीच रेडिओ पट्टे बांधलेले होते, त्यांच्यातलं कोणी वादळात मेल्याचं आढळलं नाही.

दोन ठिकाणांची तुलना काटेकोर नाही, हे मान्य. पाणी वेगळं, झाडं वेगळी, वादळाची अवस्था वेगळी. तरी एवढं नक्की की श्रेणीचा आकडा माणसाच्या छपरासाठी असतो. माशासाठी तो फारसा कामाचा नाही. माशाला विचारायचं तर प्रश्न असे: पाणी किती गरम होतं, पानं किती होती, तळाला चिखल किती, आणि बाहेर पडायला वाट होती का.

एव्हरग्लेड्सची एक गोष्ट लोकांना फार आवडते: अँड्र्यूने सापांचं प्रजननकेंद्र फोडलं आणि तिथून निसटलेल्या ब्रह्मी अजगरांनी पुढे सगळं एव्हरग्लेड्स गिळलं. अजगरांनी तिथल्या सस्तन प्राण्यांची दाणादाण उडवली हे खरं. पण अजगर तिथे वादळाच्या आधीपासून सापडत होते. पाळून कंटाळा आल्यावर सोडून देणारे लोक वादळाइतकेच कारणीभूत असणार. वादळावर खापर फोडणं नेहमीच सोपं, त्याला वकील नसतो.

खाऱ्या पाण्याची वेगळी कथा

अँड्र्यूच्या उजव्या अंगाला, अचाफलायाच्या पूर्वेकडे टेरबोन भागात आणखी एक प्रकार घडला. तिथे काही गवताळ दलदली जमिनीला धरून नाहीत. मुळांचा जाड थर पाण्यावर तरंगतो आणि त्यावर माणूस जपून चालूही शकतो. उधाणाने हे गालिचे ढकलत नेले आणि पेटीच्या भात्यासारख्या त्यांच्या घड्या घातल्या. कुठे डोंगर, कुठे उघडं पाणी. खारं पाणी साचलं तिथे गोड्या पाण्यातली वनस्पती करपली.

अचाफलायाच्या खोऱ्यात खारं पाणी फार आत टिकलं नाही, कारण मागून गोड्या पाण्याची ३० टक्क्यांची वाटणी सतत येत असते. नैऋत्य लुइझियानात ती सोय नाही. तिथे २४ सप्टेंबर २००५ ला 'रीटा' आलं तेव्हा समुद्र आत शिरला आणि बांधांमुळे आतच अडकून बसला. रॉकफेलर अभयारण्यातले अ‍ॅलिगेटर हे त्याचे साक्षीदार. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात; अ‍ॅलिगेटरला तशा कामाच्या ग्रंथी नाहीत. त्यांचं रक्त तपासलं तेव्हा ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक चढलेलं आढळलं. समोर सगळं पाणीच, आणि पिता येईना.

नंतर

अचाफलायातले मासे परतले, आणि बरेच लवकर परतले. त्यात चमत्कार नाही. बासची मादी हजारो अंडी देते, नर घरट्यावर पहारा करतो. शिकार करणारे मोठे मासे मेलेले, म्हणून पिल्लांना जागा आणि खाणं मुबलक. नदी पुन्हा चढली की वरून मासे येतातच. पूर येणाऱ्या खोऱ्यातले मासे अशा घडी विस्कटण्याला सरावलेले असतात. नवी पिढी मोठी व्हावी म्हणून राज्याच्या मत्स्यखात्याने १४ इंचांहून लहान बास ठेवून घ्यायला मनाई केली, पिल्लंही सोडली. ती मनाई पुढे उठली. पिल्लं सोडण्याबद्दल मी जरा साशंक आहे: बास परतण्यात त्या पिल्लांचा वाटा किती आणि नदीचा किती, हे वेगळं काढणं अवघड, आणि पिल्लांची गाडी पाण्यापाशी उभी राहिलेला फोटो मात्र छान येतो.

झाडांचं गणित संथ. सायप्रस आणि ट्युपेलोचं जंगल वाऱ्याला दाद देत नाही, फुगीर बुंधा आणि रुंद मुळं त्यांना धरून ठेवतात. पानं गेली तरी खोड उभं राहतं. थोड्या उंचवट्यावरची ओक वगैरे मंडळी जास्त कोसळली. छत फाटलं की खाली ऊन येतं, आणि त्या उन्हाचा फायदा स्थानिक रोपांआधी बाहेरून आलेल्या चायनीज टॅलो या झाडाला होतो. पाण्यावर जलपर्णी असतेच. ती दक्षिण अमेरिकेतली, लुइझियानात १८८४ च्या न्यू ऑर्लीन्सच्या प्रदर्शनातून पसरली असं सांगतात. रंकाळा किंवा मुळा-मुठेकाठी राहणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. जलपर्णीच्या चटईखाली ऊन जात नाही, हवा मिसळत नाही. म्हणजे वादळ यायच्या आधीच अर्धं काम झालेलं.

त्यानंतर २००५ मध्ये 'कॅटरिना' आणि 'रीटा' आली, १ सप्टेंबर २००८ ला 'गुस्ताव'. खोऱ्यात पुन्हा मासे मेले. तीच वेळ, तसंच उतरलेलं गरम पाणी, तेच बांध. मासे परत येतात हे खरं असलं तरी दोन वादळांत अंतर किती, यावर मोठे, चार-सहा वर्षांचे मासे उरतात की नाही हे ठरतं.

बांध फोडायचं कामही निघालं. बफेलो कोव्ह नावाच्या भागात लष्कराच्या अभियंता विभागाने उपसलेल्या मातीच्या बांधांना ठिकठिकाणी खिंडारं पाडून पाणी पुन्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतं करायचा प्रयत्न केला. कागदावर हे अगदी बरोबर. पण नदीचं पाणी एकटं येत नाही, गाळ घेऊन येतं. विसाव्या शतकात नदीने या खोऱ्यात एवढा गाळ ओतला आहे की एके काळचं ग्रँड लेक हे विस्तीर्ण तळं आता बरंचसं जमीन झालं आहे. त्याच्या पूर्वेकडच्या दलदलीत अशीच खिंडारं पाडायची योजना पुढे आली तेव्हा सगळ्यात मोठा विरोध केला तो क्रॉफिश पकडणाऱ्यांनी आणि खोऱ्याच्या रखवालीचं काम करणाऱ्या स्थानिक संस्थेने. त्यांचं म्हणणं, चुकीच्या दिशेने पाडलेलं खिंडार प्राणवायू आणायच्या आधी दलदल बुजवून टाकेल. खिंडार पाडायचंच तर गाळाने भरलेलं पाणी येणार नाही अशा बाजूला पाडा. योजनेच्या बाजूचे म्हणतात, कोंडलेलं पाणी तसंच ठेवलं तर मासे दर उन्हाळ्यात मरतच राहतील. दोघेही त्याच काळ्या पाण्याकडे बोट दाखवतात. वाद चालू आहे, आणि ऑगस्टमध्ये नदी उतरलेली असते.